जोडीची कवायत

माझे यजमान गुरुवारी गेले. दुपारी ते मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, दुकानावर बसले होते. तिथून त्यांना दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी घरी आणलं. शनिवारी आमचा सल्साचा वर्ग होता.

यजमानांबद्दल मला अजून लिहिता येत नाही. कागद घेऊन बसते आणि उठते. सरांबद्दल लिहिता येतं, म्हणून सरांबद्दल लिहिते.

हिंगोलीत सल्सा शिकवणारा माणूस म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येईल, त्यातलं सरांकडे काहीच नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले ते खेळाचे मास्तर. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी त्यांच्या गळ्यात इतकी वर्षं होती, की लग्नाकार्यात ती शर्टाच्या आत जायची, पण उतरायची नाही. कनेरगाव नाक्याकडच्या एका तांड्यातले ते. आजोबा आणि वडील बैलांचा व्यापार करत. सर शिकले, मास्तर झाले आणि आयुष्यभर पोरांना सावधान-विश्राम करायला लावलं.

निवृत्तीनंतर ते पुण्याला मुलीकडे गेले होते. मुलगी सल्साच्या वर्गाला जायची. एका दिवशी तिचा जोडीदार आला नाही, म्हणून सोडायला गेलेले सर उभे राहिले. हा किस्सा ते सगळ्यांना सांगत आणि शेवटी म्हणत, "उभा राहिलो तो अजून बसलो न्हाई."

हिंगोलीला परतल्यावर त्यांनी स्टेशनकडच्या रस्त्यावर हळदीचं एक गोदाम शनिवारपुरतं मागून घेतलं आणि दारावर पाटी लावली. 'जोडीची कवायत. बिगरी ते चौथी.' डान्स हा शब्द ते वापरतच नसत. "डान्स म्हणलं की लोकं बघायला येतेत. कवायत म्हणलं की करायला येतेत," असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे लोक येत. बघायला आलेल्यांना सर आत घेऊन बिगरीत उभं करत. त्यामुळे बघणारे हळूहळू कमी झाले.

बिगरीत फक्त पाय. पहिलीत हात धरून पाय. दुसरीत वळणं, आणि सर ज्याला फाटक म्हणत तो प्रकार. त्यात पुरुषानं बाजूला सरकून वाट मोकळी करायची आणि बाईनं समोरून निघून जायचं. "गाडी आली की फाटक उघडतंय का बंद होतंय?" सर विचारत. "बंद," सगळे म्हणत. "रस्त्याला बंद. गाडीला उघडं. तुमी रस्त्याकडून बघून राहिले, म्हणून चुकून राहिले."

परीक्षा घेतल्याशिवाय ते कुणाला वरच्या वर्गात जाऊ देत नसत, आणि नापास करायला त्यांना अजिबात संकोच वाटत नसे. एका सरकारी कार्यालयातले मोठे साहेब बिगरीतच राहिले होते. एकदा ते म्हणाले, "सर, आता पुढं ढकला की." सर म्हणाले, "साहेब, तुमाला पुढं ढकलायला मला तकलीफ न्हाई. पण तुमच्या मिसेसच्या पायाला विचारा." साहेबांच्या मिसेस मान खाली घालून हसल्या. साहेब पुन्हा बिगरीच्या रांगेत गेले.

गाणी मोबाइलवर लागत. मोबाइल स्टीलच्या घागरीत ठेवायचा, म्हणजे आवाज मोठा येई. गाणी परक्या भाषेतली. त्यांचा अर्थ कुणालाच कळत नसे, पण सर बेधडक सांगत. "ही बाई म्हणून राहिली, खाली बघू नका." पुढचं गाणं लागलं की, "हा बुवा म्हणतो, खांदे पाडा." सगळ्या गाण्यांत पायांच्या आणि खांद्यांच्याच सूचना असत. मोजताना एक-दोन-तीन म्हणायचं आणि चार म्हणायचं नाही. "चार गिळायचा," सर म्हणत. "आठबी गिळायचा. माणसाला दम घ्यायला जागा ठेवली पाहिजे." कुणी चुकून चार मोठ्यानं म्हटला की शिट्टी वाजे.

तिथं जायची कल्पना यजमानांची. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. माझा शनिवार वाचण्यात जाई आणि ते मला चालत असे. एक दिवस ते मोंढ्यातून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "मॅडम, कवायतीला जायचं का?" घरात चेष्टेत ते मला मॅडमच म्हणत. मला वाटलं, योगासनं असतील. गोदामात पोचल्यावर घागरीतून येणारं गाणं ऐकलं आणि मी दारातच थांबले. ते आत गेले. मग मीही गेले.

बिगरी आणि पहिली आम्ही पार केली. दुसरीत अडकलो, आणि त्याचं कारण मोंढा होता.

पूर्वी मोंढ्यात हळदीचा भाव दस्तीखाली ठरे. घेणारा आणि माल विकून देणारा अडत्या एकमेकांचा हात धरत, वरून रुमाल टाकत आणि बोटं दाबून भाव बोलत. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नसे. भाव पटला नाही की हात झटकन सोडायचा. यजमान अगदी तरुणपणी त्यांच्या वडिलांच्या हाताखाली हे शिकले होते. पुढे बोली उघड झाली, पण बोटं विसरली नव्हती. दुसरीत एकदा सरांनी हात कसा धरायचा ते दाखवायला यजमानांचा हात हातात घेतला आणि वळणाची खूण म्हणून दोन बोटं दाबली. यजमान गंभीरपणे म्हणाले, "परवडत न्हाई," आणि हात काढून घेतला.

सगळं गोदाम हसलं. सर हसले नाहीत. त्यांच्या घरी बैलांचे सौदे असेच होत. त्यांनी खिशातली दस्ती काढली, दोघांच्या हातांवर टाकली आणि खालून परत बोटं दाबली.

"शेठ, आता सांगा, मी काय म्हणलो?"

"वळ म्हणले."

"बराबर. बोटं तीच हायेत. सौदा दुसरा हाय. मोंढ्यात हात सोडला तर माल राहतो. इथं हात सोडला तर बाई पडते."

त्या दिवसापासून दुसरीच्या वर्गात सगळ्या जोड्यांच्या हातावर दस्ती आली. ज्या बायकांना चारचौघांत नवऱ्याचा हात धरायला लाज वाटे, त्यांचीही सोय झाली. पण यजमानांची सवय काही जाईना. वळताना माझा तोल जाई, मी त्यांची बोटं घट्ट धरी आणि ते झटकन सोडून देत. परीक्षेत नेमकं हेच झालं. सरांनी शिट्टी वाजवली. "नापास. दोघंबी." घरी येताना यजमान स्कूटरवर मोठ्यानं म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा नापास झालो हो मॅडम." त्यांना त्याची फार मजा वाटत होती. पुढच्या परीक्षेची तयारी चालू होती, तेव्हा तो गुरुवार आला.

सर भेटायला आले ते तिसऱ्या की चौथ्या दिवशी. बैठकीत माणसं भरलेली होती. कसं झालं, कधी झालं, सकाळी तर बरे होते, हे चाललं होतं. सर भिंतीला टेकून बसले. निघताना माझ्यासमोर आले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची दुसरी राहिली."

एवढंच बोलून गेले.

माझ्या शेजारी आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे यजमानांची थोरली बहीण. यजमान त्यांना आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणते. त्या कुरुंद्याला असतात. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेती त्याच बघतात. भाऊ गेल्यावर मला एकटी ठेवायची नाही म्हणून माझ्याकडे राहायला आल्या होत्या.

"काय राहिली म्हणला तो मास्तर?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा," मी म्हटलं.

"कुणाची?"



मी पुन्हा गोदामात गेले ते काही महिन्यांनी. इतकं ठरलं होतं, की जे अर्धं राहिलं ते अर्धं ठेवायचं नाही. यजमानांच्या कितीतरी गोष्टी अर्ध्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक माझ्या हातातल्या नव्हत्या. ही एक होती.

सरांनी मला पाहिलं. मान हलवली, जणू मी मागच्या शनिवारीच येऊन गेले होते. मग दुसरीच्या रांगेकडे बघून हाक मारली, "पोलीसताई, इकडं या."

पोलीसताई खरंच पोलिसात होत्या. उंच, भक्कम, आणि हसल्या की गोदामाचा पत्रा वाजे. त्यांचे यजमान एसटीत वाहक. ड्युटी नेमकी शनिवारी लागू लागल्यानं त्यांचीही दुसरी राहिली होती.

"मॅडम फाटक उघडतील," सर म्हणाले. "ताई गाडी."

"सर, मला पुरुषाचे पाय येत नाहीत," मी म्हटलं.

"पुरुषाचे पाय असं काही न्हाई. डावा आधी का उजवा आधी, एवढंच हाय. बिगरीत चला."

मी पुन्हा बिगरीपासून सुरुवात केली. दुसऱ्या बाजूनं.

पहिल्या दिवशी मी मोजे घालून गेले होते. हळदीचं गोदाम असल्यानं जमिनीवर बारीक पिवळी भुकटी असे आणि घरी जाताना सगळ्यांचे तळवे पिवळे होत. मला आता ते नको होतं. नको होतं म्हणण्यापेक्षा, चालणार नाही हे माहीत होतं. वळताना पाय घसरला तशी शिट्टी वाजली.

"मोजे काढा."

"सर, हळद लागते."

सरांना कळलं. मग म्हणाले, "गोदाम हळदीचं हाय, मॅडम. मिठाचं असतं तर मीठ लागलं असतं. काढा, पाय मोडून घेता का?"

मी मोजे काढले.

घरी आले तेव्हा आक्का भाजी निवडत बसल्या होत्या. फरशी पांढरी. मी मोरीपर्यंत पोचायच्या आत त्यांनी पावलं पाहिली.

"ही कुणाची पावलं?"

"माझी."

"हळदीची?"

"गोदामात हळद असते, आक्का."

"मास्तराकडं गेली व्हतीस? नाचायला?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "अगं, वरीस न्हाई झालं त्याला. तुला कळतंय का तू काय करून राहिलीस? लोकं काय म्हणतेल? तू शिकलेली, पुस्तकांतली. मी अडाणी तरी इतकी वर्षं कुणाच्या हळदी-कुंकवाला उंबरा ओलांडला न्हाई."

हे खरं होतं. पण दुसरंही एक खरं होतं. हंगामात आक्का स्वतः उभ्या राहून हळद शिजवून घेतात, वाळवून घेतात. तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात आणि ते कितीतरी दिवस तसेच राहतात. मी एवढंच म्हणाले, "आक्का, तुमच्या हातालाही असते."

"ती कामाची हळद."

"ही पण कामाचीच आहे," मी म्हटलं.

आक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली. मी पाय धुतले, फरशी पुसायला फडकं घेतलं, तर ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि पावलं स्वतः पुसली. हा राग होता की काय होतं, मला तेव्हा समजलं नाही. त्यांनी विचारलं, "आन् परत जाणार?"

"जाणार."

"काहून?"

"दुसरी राहिलीय."

"मेली ती दुसरी! या वयात तुला नापास करणारा हाय तरी कोण, बघतेच मी त्याला."

आणि खरंच आल्या. लगेच नाही, माझ्या परीक्षेच्या शनिवारी. ऑटोतून उतरल्या त्या थेट सरांसमोर उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमाला काही जनाची मनाची हाय का न्हाई? घरचं माणूस गेलेलं, आन् तिला नाचवून राहिले तुमी?"

सर म्हणाले, "आक्का, चप्पल बाहेर काढा."

आक्का इतक्या गडबडल्या, की परत दाराशी जाऊन चप्पल काढून आल्या.

"आता बसा. पोत्यावर नका, विकायचा माल हाय. खुर्ची घ्या. परीक्षा झाली का मग भांडू."

गाणं लागलं. मी पोलीसताईंचा हात धरला, वर दस्ती आली. पाय नीट पडत होते. फाटक उघडलं, त्या समोरून गेल्या, परत आल्या. वळण आलं. मी बोटं दाबली आणि वाट पाहिली. त्या थांबल्या. पुन्हा दाबली. त्या अर्ध्याच वळल्या आणि गाणं पुढे निघून गेलं.

शिट्टी.

"नापास."

आक्का खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"नापास काहून? एवढं तर केलं तिनं! किती दिसापासून घरी भिंतीला धरून करून राहिली, मी बघते न्हाई का? तिच्यावर काय गुदरलंय ते तुमाला म्हाईत हाय ना? मग?"

"आक्का," सर म्हणाले, "दुःखाचे मार्क इथं न्हाईत."

मला वाटलं, आता आक्का त्यांना काहीतरी भयंकर बोलतील. त्या परत खुर्चीत बसल्या. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचा हात विचारून राहिला. 'वळता का हो?' असं. गाडीला फाटकानं विचारायचं नसतं. चला, बसा आता."

परत येताना ऑटोत आक्का मोंढा मागे पडल्यावर म्हणाल्या, "माणूस उर्मट हाय." मग थोड्या वेळानं, "पण बोलला ते बराबर हाय. तू थांबतीस. ती पोलीसबाई वळायला बसलेली असते आन् तू थांबतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी ओट्यावरची खिडकी लावून घेतली, पदर खोचला आणि हात पुढे केला. "धर. मी चालते, तू वळव. आन् विचारू नको मला."

मी त्यांना ओटा आणि फ्रिजच्या मधल्या जागेत वळवायला शिकले. आक्कांचं वळणं बैलगाडीसारखं, सावकाश आणि वजनदार. मधेच त्या "अगं हळू, मेली, पडते की मी" म्हणत आणि माझी बोटं आवळून धरत. बोटं अशी आवळली गेली, की हात आपोआप सुटायला बघतो. पुढचं काही करताच येत नाही. हे मला त्या बाजूला उभं राहिल्यावर समजलं. यजमान दर वेळी का सोडत होते, त्यात सगळा मोंढा नव्हता, माझी बोटंही होती. मी सोडला नाही. सैल केला आणि पुढे नेला. आक्का वळल्या, ओट्याला धक्का लागून वाटी पडली आणि आम्ही दोघी उभ्याच राहिलो. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी हसत होतं.

पुढच्या परीक्षेला आक्का आल्या नाहीत. "मास्तराचं तोंड बघायचं न्हाई मला," म्हणाल्या, पण मला दारापर्यंत सोडायला आल्या. पोलीसताई त्या दिवशी बंदोबस्तावरून सरळ आल्या होत्या, थकलेल्या. दुसऱ्या वळणाला त्यांनी माझी बोटं जोरात आवळली. मी हात सैल केला, दिशा दिली, त्या गेल्या आणि परत माझ्यासमोर आल्या. गाणं संपेपर्यंत हात सुटला नाही.

सरांनी शिट्टी वाजवली नाही. "पास," म्हणाले, आणि लगेच बिगरीकडे वळून कुणाला तरी ओरडले, "खाली काय पडलंय तुमचं?" कौतुकाचा एक शब्द नाही. पोलीसताईंनी मला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मी गोदामाच्या दाराशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

सरांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. चहा ते वर्ग संपल्याशिवाय घेत नसत आणि घेतला तर बशीतूनच. पाऊस असो वा ऊन, वर्ग ठरल्या वेळी सुरू होई. एकदा कुणीच आलं नव्हतं, तर मी पोचले तेव्हा ते एकटेच गाणं लावून, समोर रिकामा हात धरून फाटक उघडत होते. मला बघून थांबले नाहीत. "जरा थांबा मॅडम, गाडी येऊन राहिली," म्हणाले. त्यांच्या मिसेस तांड्यावर असत आणि या सगळ्याला त्यांचा कडक विरोध होता. फोनवर ते त्यांच्याशी गोरमाटीत, तांड्यावरच्या बंजारा बोलीत, हळू आवाजात बोलत. शिट्टी आणि आवाज दोन्ही खाली ठेवलेले मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

मग सरांचे गुडघे धरले. मुलगी येऊन त्यांना आणि मिसेसना पुण्याला घेऊन गेली. निघताना त्यांनी वर्ग कुणाच्या स्वाधीन केला नाही, भाषण केलं नाही. गोदामाची किल्ली मालकाला परत केली आणि गेले. मालक यजमानांच्या ओळखीचे. मी जाऊन किल्ली मागितली. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी?" मी म्हटलं, "मी."

काही दिवस सर फोनवरून वर्ग घेत. मोबाइल जमिनीवर ठेवायला सांगत आणि पावलांचा आवाज ऐकत. "डावीकडचा कुणी तरी चार म्हणून राहिला," असा आवाज जमिनीतून आल्यासारखा येई आणि डावीकडचा माणूस खरंच दचके. तिसरीची सुरुवात त्यांनी मला आणि पोलीसताईंना अशीच शिकवली. फोनमधूनही शिट्टी ऐकू येई.

आता त्यांना ऐकू येत नाही. फोन मुलगी उचलते आणि बाबा बरे आहेत म्हणते.

आक्का कुरुंद्याला परत गेल्या आहेत. मी एकटी राहते. शनिवारी गोदाम मी उघडते. बिगरी भरलेली असते, पहिलीत आणि दुसरीत जोड्या आहेत. तिसरीत पोलीसताई आणि मी. आमची परीक्षा घ्यायला कुणी नाही. वर्ग चालू आहे.